तीन कॅमेरे, दोन डोळे

माझ्या साडूंना कुठलीही वस्तू एकटी असली की दिसत नाही. तिच्या शेजारी तिच्यासारखीच दुसरी आणून ठेवली की मग दोन्ही दिसतात, आणि इतक्या बारकाईने दिसतात की दाखवणारा पस्तावतो. त्यांच्या हातात चहाचा कप दिला तर ते आधी माझ्या कपात डोकावतात. दाढी करताना डाव्या गालाला एक साबण आणि उजव्या गालाला दुसरा लावतात, आणि सकाळी भेटायला गेलेल्या माणसाला दोन्ही गालांवरून हात फिरवून मत द्यायला लावतात. माझ्या सासुरवाडीत तर त्यांच्या मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाची गोष्ट अजून सांगतात. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमची ताई, पोहे घेऊन बाहेर आली तेव्हा या गृहस्थांनी तिला अत्यंत नम्रपणे खिडकीपाशी बसायला सांगितलं, आणि थोड्या वेळाने दारापाशी. सासऱ्यांना वाटलं, मुलगी लंगडते का ते पाहतोय. शेवटी न राहवून त्यांनी विचारलंच. "नाही हो," साडू म्हणाले, "उजेड कुठला बरा ते बघत होतो." सुदैवाने धाकटी मुलगी, म्हणजे माझी बायको, त्या वेळी शाळेत होती. नाहीतर ही तुलना कुठवर गेली असती कोण जाणे.

नोकरीत असेपर्यंत या स्वभावाला आवर होता. साडू सरकारी कचेरीत आरेखक होते, आणि दोन रेघांपैकी कुठली सरळ याची पारख करण्यासाठी सरकार त्यांना पगारच देत होतं. निवृत्त होऊन ते रेवदंड्याला आपल्या नारळ-पोफळीच्या वाडीत राहायला आले आणि सगळा कारभार कॅमकॉर्डरकडे वळला. साधा नव्हे, हाय डेफिनिशन. हे दोन शब्द ते देवाचं नाव घ्यावं तसे घेतात. त्यांच्याकडे असे तीन कॅमकॉर्डर आहेत. थोरला खांद्यावर घ्यावा लागतो आणि त्याला घेऊन चालताना साडू पालखीचे भोई दिसतात. मधला दुबईहून आलेल्या एका भाच्याकडून त्यांनी गोड बोलून काढून घेतला. धाकटा तळहाताएवढा आहे, आणि ते त्याच्यावर पोटच्या पोरासारखं प्रेम करतात, म्हणजे सतत इतरांशी तुलना करून त्याला घालून पाडून बोलतात.

"अहो दादा, आता सगळं फोनवर निघतं," असं मी एकदा चुकून म्हणालो. त्यांनी हातातला पाट खाली ठेवला. "साडूभाऊ, फोन बोलायला असतो. त्याच्यावर शूटिंग करायचं म्हणजे चमच्याने दाढी करण्यासारखं आहे. होईल, पण करायची कशाला?" नंतर त्यांनी मला झूम या विषयावर असं काही सुनावलं की मी माझा फोन खिशातून काढून वेळसुद्धा बघायला धजलो नाही.

तिन्ही कॅमेऱ्यांच्या परीक्षा कायम चालू असतात. झूमसाठी वाडीतला सगळ्यात उंच माड आहे. त्याच्या शेंड्यावरच्या ठरावीक नारळाची शेंडी कुठल्या कॅमेऱ्यात सुटी सुटी दिसते ते पाहायचं. तो नारळ त्यांनी कित्येक महिने कोणाला उतरवू दिला नाही, आणि शेवटी तो आपणहून पडला तेव्हा घरात दुखवटा पाळल्यासारखी शांतता होती. आवाजासाठी समुद्र आहे. वाऱ्याची घरघर माइकमध्ये शिरू नये म्हणून त्यांनी तिन्ही माइकना तान्ह्या बाळांची लोकरीची टोपडी चढवली आहेत, बंद गळ्याखाली बांधून. किनाऱ्यावर तीन पायांच्या तिकाटण्यांवर ही तीन टोपडंवाली बाळं ओळीने उभी केली की फिरायला आलेले पाहुणे स्वतःचे फोटो काढायचे थांबतात.

हात हलला तरी चित्र हलतं का, ही परीक्षा सर्वांत कठीण, कारण ती रेवदंडा ते अलिबाग सहा आसनी रिक्षात घेतली जाते. साडू मागे तोंड करून बसतात, दोन हातांत दोन कॅमेरे, आणि खड्डा आला की "आता!" असं ओरडतात. एकदा समोर टोपली मांडीशी घेऊन एक कोळीण बसली होती. दोन्ही कॅमेरे बराच वेळ तिच्या टोपलीवर रोखलेले पाहून ती म्हणाली, "ओ दादा, मावरं घ्याचं हाय का नुसतं बगाचं हाय?" साडूंनी तिला स्थिरीकरण म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ती चौलला उतरली. तिला जायचं अलिबागला होतं.

असा माणूस म्हटल्यावर पंचक्रोशीतून लोक सल्ल्याला येणारच. बोर्ली पंचतनहून एक लग्नाची शूटिंग करणारा तरुण खाडी ओलांडून आला होता. त्याला नवा कॅमेरा घ्यायचा होता. साडूंनी त्याला सकाळच्या उन्हात, दुपारच्या उन्हात, आणि माजघरातल्या एका दिव्याच्या उजेडात तिन्ही कॅमेरे दाखवले. जेवायला घातलं. संध्याकाळी तो बिचारा हात जोडून म्हणाला, "काका, समदेच चांगले म्हनता, समद्यातच खोट काढता. मंग म्या घेऊ तरी कंचा?" साडूंना हा प्रश्न अगदीच उथळ वाटला. "घाई काय आहे?" ते म्हणाले. पण पोरगा चिवट होता. तो येतच राहिला आणि शेवटी त्यांचा पट्टशिष्य झाला. लग्नाचं काम घेण्याआधी तो साडूंना फोन करून उजेडाचा सल्ला विचारतो.

गावकऱ्यांनी त्यांच्यावर एकदा फार मोठा विश्वास टाकला होता. आमच्याकडे टेनिस बॉलच्या क्रिकेटचं वेड जबरदस्त. दोन आळ्यांच्या अंतिम सामन्यात साडूंना तिसरा पंच नेमलं. शेवटच्या षटकात एक फलंदाज धावबाद झाला की नाही यावरून मैदानात माणसं उतरली. साडूंनी शांतपणे तिन्ही कॅमेरे तपासले. थोरल्यात तो बाद होता, मधल्यात नाबाद, आणि धाकट्यात फक्त यष्टिरक्षकाची पाठ दिसत होती, पण अतिशय सुस्पष्ट. "मला निर्णय देता येणार नाही," त्यांनी माइकवरून जाहीर केलं, "तोच चेंडू याच उजेडात पुन्हा टाकायला लागेल." तोवर सूर्य खाली गेला होता. ढाल अजून सहा महिने एका आळीत आणि सहा महिने दुसऱ्या आळीत असते, आणि दोन्ही आळ्या साडूंशी बोलत नाहीत.

पण त्यांचा खरा अभिमान म्हणजे रंग. रंगाची परीक्षा ते ताईकडून करून घेतात. अंगणात तिला हातात ताट देऊन उभं करायचं. ताटात लाल मिरची, हळकुंड, विड्याचं पान, आणि मधोमध अलिबागचा पांढरा कांदा. कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते आधी शिकवावं लागतं, तरच बाकीचे रंग खरे येतात, आणि साडूंच्या मते या कांद्याहून प्रामाणिक पांढरं काही नाही. ताई म्हणते, "माझा हात अवघडतो, तुमचा कांदा खाली ठेवा." ते म्हणतात, "खालचा उजेड वेगळा."

आणि इथेच घोळ झाला. मागच्या काही वर्षांत त्यांना कांदे पिवळट दिसायला लागले. बाजारात कांद्याच्या माळा घेऊन बसणाऱ्या बाईशी त्यांनी भांडण काढलं. "हा जुना माल आहे. पिवळा पडलाय." ती भडकली. "अवो काका, काल उपटलाय! दूध आन हा शेजारी ठेवा." शेजारी ठेवा म्हटल्यावर साडू खरंच दूध आणायला गेले. दूधही पिवळं निघालं, तेव्हा ते गवळ्याशी भांडले. मग ताईने धुतलेली धोतरं पिवळी निघाली, वाचनालयाची नुकतीच रंगवलेली भिंत पिवळी निघाली. सगळं गाव एकदम निकृष्ट झाल्याचं पाहून त्यांना वाईट वाटत असे. शेवटी तिन्ही कॅमेऱ्यांतली चित्रं टीव्हीवर लावून त्यांनी निकाल दिला, "हे तिन्ही पिवळं दाखवतात. निळं वाढवायला हवं." त्यांनी निळं वाढवलं. पट्टशिष्यानेही वाढवलं.

नेमकं त्याच मोसमात त्यांच्या मुलीचं, केतकीचं लग्न झालं. शूटिंग पट्टशिष्याकडे आणि देखरेख साडूंची. लेकीचं लग्न, म्हणून त्यांनी रंगात कसलीही कसूर ठेवली नाही. प्रत्येक विधीआधी कांदा निघायचा. भटजींनी एकदा तो पूजेचा समजून त्याच्यावर अक्षता टाकल्या. लग्नानंतर चित्रफीत तयार झाली आणि साडूंनी आम्हा सगळ्यांना घरी बोलावलं. टीव्ही सुरू झाला. वधू निळी, वर निळा, मांडवातली शे-दोनशे माणसं थंडीने गारठल्यासारखी निळी. आणि हळद! हळदीत केतकी चक्क हिरवी होती. नाकाच्या शेंड्यापासून कोपरापर्यंत कोवळ्या कैरीसारखी हिरवी. माझ्या बायकोने पदर तोंडात कोंबला. मी साडूंकडे पाहिलं. ते खुर्चीत पुढे सरकून बसले होते, आणि पाठवणीच्या वेळी त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "रंग कसे आलेत," ते म्हणाले, "बघा, रंग कसे आलेत!" "छान आलेत," ताई म्हणाली. मग आम्हीही सगळे छान म्हणालो. केतकी सगळ्यात मोठ्याने म्हणाली.

पुढे त्यांना समोरच्या माणसाचा चेहरा धूसर दिसायला लागला, तेव्हा ताईने त्यांना अलिबागला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मीही बरोबर होतो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. डॉक्टरीणबाई तरुण आणि हसतमुख होत्या. त्यांच्या हातून एकच चूक झाली. त्या म्हणाल्या, "काका, बसवायची भिंगं दोन प्रकारची आहेत. कुठलं बसवू या?" साडूंचा चेहरा उजळला. "दोन्ही लावून बघता येतील?" बाई हसल्या. त्यांना वाटलं, गंमत करतायत. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या म्हणाल्या, "काका, हे डोळ्याच्या आत बसतं. चष्म्याच्या दुकानासारखं नाही करता येत." "मग एका डोळ्यात हे आणि दुसऱ्यात ते?" ताईने पर्स उघडली, बंद केली आणि म्हणाली, "डॉक्टर, तुम्हाला जे बरं वाटेल ते बसवा. यांना विचारलंत तर हे आंधळे होईपर्यंत ठरवणार नाहीत."

आधी उजवा डोळा झाला. पट्टी निघाली तेव्हा साडू बराच वेळ डॉक्टरीणबाईंच्या कोटाकडे पाहत राहिले. "हा कोट असाच आहे का?" "कसा?" "इतका पांढरा?" घरी येताना रिक्षात काळा चष्मा थोडासा वर करून ते एकेक वस्तू बघायचे आणि पुन्हा खाली करायचे. काही दिवसांनी ताईचा मला फोन आला. "तुम्ही जरा येऊन जा. हे टीव्हीसमोर बसलेत आणि जेवायला उठत नाहीत."

मी गेलो तेव्हा टीव्हीवर केतकीची हळद चालू होती. साडू उजवा डोळा हाताने झाकत होते, मग डावा झाकत होते, पुन्हा उजवा. मला पाहून त्यांनी चित्र थांबवलं. पडद्यावर हिरवी केतकी हसत होती.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "ही हिरवी आहे."

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसलो.

"तुम्हाला तेव्हा दिसलं होतं?"

"दिसलं होतं, दादा."

त्यांनी ताईकडे पाहिलं. "आणि तुला?"

"सगळ्यांनाच दिसलं होतं," ताई म्हणाली. "तुम्ही इतके रडत होतात आनंदाने. कोणी सांगायचं तुम्हाला?"

त्यांनी तिथूनच केतकीला फोन लावला. नाशिकहून तिचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "केते, तुझ्या लग्नाची मी वाट लावली." "काय झालं बाबा?" "तू हिरवी आहेस." पलीकडे ती इतकी हसली की तिला खोकला आला. "एवढ्यात कळलं तुम्हाला? अहो, मला आवडतं ते. सगळ्यांची हळद पिवळी असते. माझीच हिरवी." "खोटं बोलतेस." "थोडंसं," केतकी म्हणाली, "पण तुम्ही ते बदलू नका हं बाबा. सासरी सगळ्यांना तोंडपाठ झालंय. पाहुणे आले की आधी मला हिरवी दाखवतात, मग चहा देतात." साडूंनी फोन ठेवला, चष्मा काढून पुसला, आणि त्यांना आठवलं की तो पुसून उपयोग नाही, पाणी आतून येतंय. मग ते जेवायला उठले.

दुसऱ्याच आठवड्यात ते मला घेऊन बोर्ली पंचतनला गेले. शिष्याची माफी मागायची होती. काळा चष्मा लावून, माझा दंड धरून ते त्याच्या दुकानात शिरले आणि उभ्यानेच म्हणाले, "माझं चुकलं. ते निळं कमी कर. डोळा माझाच बिघडला होता." पोरगा गडबडला. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, थंड मागवलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "काका, आता न्हाय कमी करता येनार. लोकांना त्योच रंग पायजे. म्हनतात, परदेशात शूटिंग केल्यावानी वाटतं. व्हय, आता तर हळद हिरवी नाय आली तर पोरी रुसतात." साडूंनी तिथल्या तिथे त्याला खऱ्या रंगावर भाषण दिलं. त्याने ते आदराने ऐकलं आणि दारापर्यंत पोचवताना माझ्या कानात म्हणाला, "काकांना सांगू नका, पन म्या निळं अजून वाढवलंय."

आता खरं म्हणजे डाव्या डोळ्याची तारीख घ्यायची होती. पण साडू ती पुढे पुढे ढकलत होते. आधी आम्हाला वाटलं, भीती असेल. मग ताईने सांगितलं, "भीती कसली? यांना आयुष्यात पहिल्यांदा मनासारखी जोडी मिळालीय." आणि ते खरंच होतं. एक डोळा नवा, एक जुना. तिकाटणं नको, बॅटरी नको. साडू सकाळी उठल्यापासून एकेक डोळा मिटून जग बघत फिरत होते. आकाश उजव्याने बघायचं, पेरू डाव्याने. पोस्टमनला दोन्हींनी आळीपाळीने. बाजारात लोकांना वाटे, हे आपल्याला डोळा मारतायत. एका बाईंनी ताईकडे तशी तक्रारही केली. जेवताना ते ताईकडे असेच पाहत होते. "उजव्याने तू साठीची दिसतेस," ते म्हणाले, "डाव्याने चाळिशीची." "मग उजवा मिटूनच जेवा," ताई म्हणाली आणि त्यांना आणखी एक भाकरी वाढली.

डॉक्टरीणबाईंनी एकदा रागावून सांगितलं की आता आणखी थांबलात तर डोळा हातचा जाईल. तेव्हा साडूंनी तारीख घेतली. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, ऊन कलल्यावर, ते मला किनाऱ्यावर घेऊन गेले. कॅमेरे घेतले नव्हते. होड्या ओढून ठेवलेल्या होत्या त्यांच्या पलीकडे आम्ही वाळूत बसलो. त्यांनी उजव्या डोळ्यावर तळवा धरला आणि डाव्याने समुद्राकडे बघत बसले. थोड्या वेळाने हात भरून आला, म्हणून म्हणाले, "जरा तुम्ही धरता का?" मी माझा तळवा त्यांच्या डोळ्यावर धरला. त्यांच्या पापणीची हालचाल मला हाताला लागत होती. मला समोर साधा, करडा समुद्र दिसत होता. त्यांना काय दिसत होतं ते मी विचारलं. "सगळं मधासारखं आहे," ते म्हणाले. "होड्या, वाळू, ती माणसं. मला एवढी वर्षं वाटायचं, असंच आहे." आम्ही बराच वेळ तसे बसलो. जाणाऱ्या-येणाऱ्यांना आम्ही काहीतरी खेळ खेळतोय असं वाटलं असेल.

दुसरा डोळा उत्तम झाला. पट्टी काढून घरी निघालो तेव्हा सकाळ होती. ताई पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसली, मी आणि साडू मागे. आक्षीचा पूल गेला, नागावच्या वाड्या सुरू झाल्या. पोफळींवर कोवळं ऊन होतं. साडूंनी सवयीने उजवा डोळा मिटला, मग डावा मिटला. पुन्हा एकदा करून पाहिलं. मग दोन्ही उघडे ठेवून खिडकीबाहेर बघत राहिले.

"छान दिसतंय," ते म्हणाले.

"आधीपेक्षा बरं ना?" मी विचारलं.

ते माझ्याकडे वळले.

"ते आता सांगता येणार नाही, साडूभाऊ," ते हळू आवाजात म्हणाले, "शेजारी ठेवायला जुना डोळा उरला नाही."